धुरात विमान घालून शास्त्रज्ञ नेमकं काय मोजतात? सॅटेलाइट पुरत नाही का?

छावणीकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. गहू निघाला की आपल्या इंदूरच्या चारी बाजूंना नरवाई, म्हणजे गव्हाचे मागे उरलेले खुंट आणि पेंढा, पेटते हे इथल्या लोकांना सांगायला नको, देपालपूर म्हणा सांवेर म्हणा, रात्री जेवून गच्चीवर गेलं की घसा खवखवायला लागतो. त्यात यंदा चोरलकडच्या डोंगरावरही आग होती, खंडवा रोडने परत येताना दिसली, अंधारात नुसती लाल रेघ वर वर सरकत होती. तर ह्यावरून मेहुण्याशी जुंपली. मी कुठेतरी वाचलेलं की अमेरिका, आफ्रिका, ब्राझील अशा ठिकाणी शास्त्रज्ञ लोक चक्क विमान घेऊन जंगलाच्या नाहीतर गवताच्या आगीच्या धुरात शिरतात आणि तिथल्या तिथे हवेचं प्रदूषण मोजतात. मेहुणा म्हणे हे श्रीमंतांचे चोचले आहेत, सॅटेलाइटला सगळं दिसतं आणि शहरात हवेचा दर्जा सांगणारं एक्यूआयचं मशीन आहेच की. मला काही ठोस बोलता आलं नाही, तेव्हापासून डोक्यात तेच.

मला कळत नाहीये ते असं की धूर तर मैलोन्‌मैल पसरलेला, विमान त्यातून सुर्रकन जाणार, एवढ्याशा वेळात घेतलेल्या हवेवरून अख्ख्या आगीचा हिशेब कसा काय लागतो? आणि गवताची आग आणि झाडांची आग, धूर एकच की वेगळा? आणि आपल्याकडे हे असं कुणी केलंय का? कुणाला माहिती असेल तर जरा सोप्या भाषेत सांगा, मी कॉमर्सवाला.

अर्धवट_केमिस्ट:
मेहुण्यांचं चुकीचं नाहीये, अर्धं आहे. मी स्वतः अशा विमानात बसलेलो नाही हं, गॅस अॅनालायझर बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, पण ह्या विमानवाल्यांचे पेपर बऱ्याच वर्षांपासून वाचतोय कारण आम्ही जी मशीनं फॅक्टरीत लावतो त्यांचीच जास्त चपळ भावंडं ते लोक विमानात कोंबतात.

पहिली गोष्ट, विमान धुरात शिरून मुख्यतः "किती धूर" हे मोजत नाही. ते मोजतं प्रमाण, कशाच्या मानाने काय किती. पोह्याचंच बघा, एक चमचा तोंडात टाकला की मीठ-साखर किती पडलीय ते कळतं, कढई केवढी होती ते नाही कळत. धूर आगीतून निघाला की आजूबाजूच्या हवेत मिसळून पातळ होत जातो, पण कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, काजळी सगळं एकत्रच पातळ होतं, त्यामुळे सुरुवातीला तरी त्यांचं आपसातलं प्रमाण टिकतं. म्हणून विमान आधी वारा जिकडून येतोय त्या बाजूच्या स्वच्छ हवेत एक चक्कर मारतं, तो झाला बेस, मग धुरातून आडवं जातं, आणि धुरातल्या आकड्यातून हा बेस वजा करतात. जे उरलं ते आगीचं.

आता ह्यातली खरी गंमत कार्बनची आहे. वाळलेलं गवत असो की लाकूड, वजनाचा साधारण ४५ ते ५० टक्के भाग कार्बन. जळल्यावर हा कार्बन बहुतेक सगळा डायऑक्साइड आणि मोनॉक्साइड ह्या दोन वायूंच्या रूपात बाहेर पडतो, थोडा मिथेन, थोडे बाकीचे वायू, थोडी काजळी. म्हणजे धुरातल्या नमुन्यात जादा कार्बन किती आहे ते मोजलं की त्या नमुन्यापुरतं किती इंधन जळलं असणार ते उलटं काढता येतं, खाली काय जळतंय ते वजन करायला न जाता. मग म्हणता येतं की १ किलो वाळलं गवत जळलं की इतके ग्रॅम हे आणि इतके ग्रॅम ते. ह्यालाच एमिशन फॅक्टर म्हणतात आणि सगळा खटाटोप ह्या आकड्यासाठी असतो. आंद्रेए आणि मर्ले ह्यांनी २००१ साली जगभरची अशी मोजमापं गोळा करून तक्ता छापला, तो लोकांनी वर्षानुवर्षं वापरलाय. त्यात सव्हानाच्या, म्हणजे मधे मधे झाडं असलेल्या गवताळ रानाच्या आगीत किलोमागे डायऑक्साइड १६१३ ग्रॅम, मोनॉक्साइड ६५ ग्रॅम आणि पीएम २.५ म्हणजे बारीक कण ५.४ ग्रॅम. उष्ण कटिबंधातल्या जंगलाला मोनॉक्साइड १०४ आणि बारीक कण ९.१. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आलं, किलोला किलो धरलं तर जंगलाचा धूर जास्त घाण.

कारण असं की गवत बारीक, कोरडं, चारी बाजूंनी हवा मिळते, भडकन पेटतं आणि संपतं. जाड ओंडका, खाली दडपलेला पालापाचोळा, मुळं, हे ज्वाळा गेल्यावर तासन्‌तास धुमसत राहतं आणि धुमसण्यातच मोनॉक्साइड आणि कण जास्त निघतात. आग कुठल्या अवस्थेत आहे हे धुरातूनच ओळखता येतं, जादा डायऑक्साइडला जादा डायऑक्साइड अधिक जादा मोनॉक्साइड ह्या बेरजेने भागायचं, बस. उत्तर ०.९९ च्या जवळ म्हणजे नुसत्या ज्वाळा, ०.८ च्या आसपास म्हणजे धुमसणं. वरचे सव्हानाचे आकडे रेणूंच्या हिशेबात बदलून भागलेत तर ०.९४ येतं, जंगलाचं ०.९१. फरक दिसायला एवढासा, पण मोनॉक्साइड दीडपट होतो तेवढ्यात.

आणि सुर्रकन जाण्याबद्दल म्हणाल तर तीच सगळी डोकेदुखी आहे. मोठं जेट विमान सेकंदाला शंभर-दीडशे मीटर कापतं, म्हणजे एक किलोमीटर रुंदीचा धूर सात ते दहा सेकंदांत पार. आमच्या फॅक्टरीतलं अॅनालायझर अर्ध्या मिनिटाने आकडा दाखवतं, ते तिथे कुचकामी. त्यामुळे सेकंदाला एक तरी आकडा देणारी मशीनं लागतात, आणि प्रत्येक मशीनच्या नळीची लांबी वेगळी, पंपाचा ओढ वेगळा, म्हणून एकाचा आकडा दोन सेकंद आधी येतो आणि दुसऱ्याचा तीन सेकंद उशिरा, ते सगळं नंतर सरकवून जुळवावं लागतं नाहीतर प्रमाणाचा पार खिचडा. कणांसाठी तर बाहेर काढलेल्या नळीच्या तोंडाशी हवेचा वेग विमानाच्या वेगाशी जुळवून ठेवावा लागतो, नाही जुळला तर जड कण एकतर जास्त येतात नाहीतर बाजूने निसटतात, आणि नळीला आत कुठे वळण आलं तर तिथल्या भिंतीला चिकटून बसतात. खिडक्यांच्या काचा काढून त्या जागी पत्रे बसवून त्यातून ह्या नळ्या बाहेर काढलेल्या असतात. काजळीचं मशीन तर बघत राहावं असं आहे, एकेक कण लेझरच्या झोतातून जातो, काजळी असेल तर तापून क्षणभर चमकते आणि त्या चमकेवरून तिचं वजन काढतात.

शिवाय आतून गुळगुळीत केलेले स्टीलचे डबे असतात, आतली हवा काढून टाकलेले, धुरात शिरलं की व्हॉल्व्ह उघडायचा, डबा भरला की बंद, मग जमिनीवरच्या लॅबमध्ये त्यातल्या डझनावारी वायूंची मोजणी.

छावणीकर:
वा, एवढं सविस्तर, धन्यवाद! पण थांबा, १ किलो गवतातून १.६ किलो वायू? आमच्या हिशेबात आवक एक आणि जावक दीडपटीपेक्षा जास्त झाली की ऑडिटर गळा धरतो.

छप्पनवाला_भिया:
भिया बाकीची आवक हवेतून झाली ना. ऑक्सिजन. कार्बनचा भार १२, डायऑक्साइड झाला की ४४. तुमच्या १६१३ ग्रॅममध्ये कार्बन फक्त ४४० ग्रॅम, बाकी सगळा ऑक्सिजन फुकटात आलेला. मोनॉक्साइडच्या ६५ मध्ये २८ ग्रॅम कार्बन. झाले ४६८, राहिलेलं थोडंफार मिथेन काजळी वगैरे. ताळेबंद जुळला की नाही

पण मला वेगळंच पडलंय. आजकाल लग्नात सुद्धा ड्रोन उडतं, मग एवढं मोठं विमान, पायलट, पेट्रोल कशाला? ड्रोनला सेन्सर बांधा सोडा धुरात

विश्वामित्री_काठची:
मी बडोद्याची, इंदूरला माहेर, त्यामुळे नरवाई शब्द वाचून आत आले. सॅटेलाइटच्या इमेजेसवर पिकांचे नकाशे करायचं माझं काम आहे तर मेहुण्यांच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्ही बोलते.

सॅटेलाइटला आग दिसते हे खरंय. नासाच्या टेरा आणि अॅक्वा ह्या उपग्रहांवरचा मोडिस सेन्सर एक किलोमीटरच्या चौकोनात बघतो, त्यानंतर आलेला व्हीआयआयआरएस सेन्सर ३७५ मीटरच्या, आणि आपल्या देहरादूनच्या फॉरेस्ट सर्व्हेचे जे आगीचे अलर्ट वनखात्याला जातात ते ह्याच दोघांवरून निघतात. पण हे उपग्रह एका जागेवरून ठरलेल्या वेळीच जातात, व्हीआयआयआरएस दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास. शेतकऱ्याने संध्याकाळी सहाला काडी लावली आणि नऊला शेत विझलं तर ती आग त्याच्या खात्यात नाहीच. इन्सॅट एकाच जागी थांबून दिवसभर बघतो पण त्याचा उष्णतेचा ठिपका चार किलोमीटरचा, दोन बिघ्याची नरवाई त्यात कुठे सापडणार. वरून ढग आले किंवा झाडांच्या छताखाली नुसता पाला जळत असला तरी तीच गत.

आणि ह्याहून महत्त्वाचं, सॅटेलाइट आग बघतो, आगीतून किती मोनॉक्साइड निघाला ते त्या ठिपक्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी जे गणित आहे ते झाइलर आणि क्रुट्झन ह्यांनी १९८० मध्ये मांडलेलं आणि अजून तेच चालतं, म्हणजे जळालेलं क्षेत्र, गुणिले तिथे हेक्टरी किती इंधन होतं, गुणिले त्यातलं किती खरंच जळलं, गुणिले एमिशन फॅक्टर. (हा क्रुट्झन म्हणजे ओझोनच्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालं तोच.) पहिला आकडा सॅटेलाइट देतो. शेवटचा विमान देतं. तेव्हा "सॅटेलाइटवरून काढलेला धुराचा आकडा" असं जेव्हा पेपरात छापून येतं तेव्हा त्याच्या पोटात बहुतेकदा कुठल्यातरी विमानाचं मोजमाप बसलेलं असतं. १९९७ ते २००९ ह्या काळात जगातल्या आगींमधून वर्षाला सरासरी २ अब्ज टन कार्बन हवेत गेला आणि त्यातला निम्मा एकट्या आफ्रिकेतून, हा जो नेहमी सांगितला जाणारा हिशेब आहे तोही ह्याच पद्धतीचा.

सेंटिनेल-५पी ह्या उपग्रहावरचा ट्रोपोमी सेन्सर २०१७ पासून मोनॉक्साइड थेट बघतो हे खरं, पण तो जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेची बेरीज देतो, धूर तुमच्या गच्चीच्या उंचीवर आहे की तीन किलोमीटर वर हे त्यातून कळत नाही. आणि गच्चीच्या हिशेबाने तर तेवढंच महत्त्वाचं ना. शहरातलं एक्यूआयचं मशीन नेमकं उलटं, नाकाशी काय आहे ते सांगतं पण ते नरवाईचं की ट्रकचं की रस्त्यावरच्या धुळीचं हे नाही सांगत.

सागवान:
सगळ्यांचं वाचलं. मी वनखात्यातून रिटायर, नोकरी बैतूल, खंडवा आणि बडवाह ह्या पट्ट्यात झाली, आता इंदूरला सुदामानगरात असतो. केमिस्ट्री माझा प्रांत नाही पण ह्या विश्वामित्रीताईंनी जे चार आकड्यांचं गणित लिहिलं त्यातल्या मधल्या दोन आकड्यांबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. हेक्टरी इंधन किती आणि त्यातलं जळलं किती. हे ना विमानाला दिसतं ना उपग्रहाला, हे कुणीतरी उन्हात उभं राहून काट्यावर तोलावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा तोच आहे.

आपल्याकडच्या जंगलाची आग ही टीव्हीवर कॅलिफोर्नियात दाखवतात तशी शेंड्यावरून जाणारी नसते. सागाची पानं फेब्रुवारी-मार्चपर्यंत गळून पडतात, जमिनीवर तो जाडजूड पाला, मधे मधे गवत, आणि आग त्या पाल्यातून गुडघ्याएवढ्या उंचीने चालत जाते. मोठी झाडं बहुतेक वाचतात, रोपं जातात. पुष्कळदा लागते कशाने तर महुआ म्हणजे मोहाची फुलं वेचणारे झाडाखालची जमीन मोकळी दिसावी म्हणून पाला पेटवतात आणि तसेच पुढच्या झाडाकडे जातात, नाहीतर तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून. काही अभ्यासक तर म्हणतात की आपण ज्याला कोरडं पानझडी जंगल म्हणतो त्यातलं बरंचसं मुळात सव्हानाच आहे, आणि खाली गवत किती वाढतं ते बघितलं की मलाही ते पटतं. मग तुम्ही ह्याला सव्हानाचे ५.४ ग्रॅम लावणार की जंगलाचे ९.१? एकाच बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, उतारावर गवत आणि नाल्यात पाल्याचा ढीग असतो. सागाचं पान हातात घेऊन बघा, केवढं मोठं आणि खरखरीत, ते सुटं पडलेलं असलं तर भुर्रकन जळतं आणि एकावर एक थर बसून खालून ओल धरलेली असली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत धुमसतं. आम्ही फायर वॉचर घेऊन सकाळी जायचो तेव्हा वरून राख थंड, काठीने उकरलं की खाली निखारे.

वेळेचाही फरक आहे. फायर लाइन, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून ठेवलेले मोकळे पट्टे, आम्ही हंगामाच्या आधीच जाळून मोकळ्या करायचो, तेव्हा गवतात ओल असते, ज्वाळा कमी आणि पांढरा धूर फार. तेच गवत एप्रिल-मेमध्ये जवळजवळ धुराविना जातं पण आग आवरत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात तर मुद्दाम कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला थोडं थोडं जाळून टाकतात म्हणजे नंतरची मोठी आग होत नाही, किलोमागे धूर थोडा जास्त निघाला तरी एकूण किलोच कमी जळतात.

छप्पनवाला_भिया:
काका सॉलिड लिहिलंत. पण माझ्या ड्रोनचं काय झालं

अर्धवट_केमिस्ट:
ड्रोनचं तुझं बरोबर आहे रे, आणि लोकांनी केलंय ते. नेदरलँड्सच्या एका गटाने आफ्रिकेतल्या सव्हानात आणि ब्राझीलच्या सेराडो ह्या गवताळ रानात ड्रोनने धुरातून पिशव्या भरून आणल्या आणि मग खाली त्या अॅनालायझरला जोडून मोजल्या. सागवान काकांनी जी हंगामाची गोष्ट सांगितली, ओल्या आणि कोरड्या गवताच्या धुरातला फरक, तीच ते लोक शोधत होते. ड्रोनचा फायदा म्हणजे आग पुढे गेल्यावर मागे जो राखेतून धूर येत असतो त्याच्यावर नेऊन शांतपणे थांबवता येतं, विमान हे करूच शकत नाही. पण ड्रोनवर किलो-दोन किलोच्या वर काय चढवणार? काजळीचं मशीन, शेकडो वायू ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर, वरून खाली लेझर मारून धुराची जाडी सांगणारा लिडार, हे ज्याला उचलता येतं ते विमानच. आणि ड्रोन धुराच्या मागे साठ-सत्तर किलोमीटर जाणार नाही.

हे मागे जाणं का लागतं तर धूर वाटेत बदलतो. सप्टेंबर २००० मध्ये सफारी २००० नावाच्या मोहिमेत दक्षिण आफ्रिकेतल्या तिम्बावाती अभयारण्यात मुद्दाम लावलेली एक आग होती, वॉशिंग्टन विद्यापीठाचं कॉन्वेअर-५८० विमान तिच्या धुराबरोबर वाऱ्याच्या दिशेने जात राहिलं, धुरातून आडवं-तिडवं करत. एका तासाच्या आतच धुरात ओझोन तयार होऊन वाढायला लागला होता. आगीतून ओझोन निघत नाही, धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बाकीचे वायू उन्हात एकमेकांशी भिडून तो बनवतात. म्हणजे आगीपाशी मोजलेला धूर आणि गावात पोचलेला धूर ह्या दोन वेगळ्या वस्तू.

ह्यातली अलीकडची एक मोठी मोहीम म्हणजे २०१९ ची फायरेक्स-एक्यू, नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान आणि समुद्राची सरकारी संस्था) दोघांची मिळून. नासाचं डीसी-८ होतं त्यात, चार इंजिनांचं, १९६९ चं विमान, आधी प्रवासी वाहतूक करायचं. आधी आयडाहोमधल्या बॉइसीहून पश्चिमेकडच्या जंगलाच्या आगी मोजल्या, आणि मग कॅन्ससमधल्या सलायना गावी मुक्काम हलवून शेतातल्या आगी. म्हणजे त्यांची नरवाईच! त्या आगी लहान, धुराची रेघ अरुंद, विमान आत शिरलं की बाहेर, त्यामुळे सेकंदाला एक आकडाही कमी पडतो असं त्या लोकांनी अनुभवलं. ते डीसी-८ आता २०२४ मध्ये रिटायर होऊन आयडाहोच्या एका विद्यापीठात विमान दुरुस्ती शिकणाऱ्या पोरांच्या हाती गेलंय.

आता छावणीकर तुमच्या गच्चीवर येतो, कारण मला स्वतःला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो विमानवाल्यांची उणी बाजू आहे. विमानाला धूर कुठला मिळतो? जो वर चढतो तो. वर चढायला उष्णता लागते, म्हणजे ज्वाळा लागतात, म्हणजे दुपार. दुपारी आग भडकलेली, हवा तापून उकळती, धूर दोन-तीन किलोमीटर वर जातो आणि विमान तिथे त्याला गाठतं. रात्री आग बसते, काकांचा तो खालचा निखारा धुमसत राहतो, त्या धुरात वर चढायची ताकद नसते, आणि रात्री जमीन गार पडल्यामुळे जमिनीजवळची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होऊन झाकण बसतं. धूर शंभर-दोनशे मीटरच्या आत अडकतो आणि उताराने घरंगळत वस्तीत येतो. अंधारात डोंगराच्या अंगाने शंभर मीटरवरून विमान कोण नेणार? फायरेक्समध्ये नोआने छोटं ट्विन ऑटर सूर्यास्तानंतरही उडवलं, पण तेही वर चढलेल्या धुरासाठी. तेव्हा एमिशन फॅक्टरच्या तक्त्यात विमानाने आणलेले जे आकडे आहेत ते ज्वाळांच्या बाजूला थोडे झुकलेले असणार आणि तुम्ही दहा वाजता गच्चीवर जो धूर खाता तो त्या तक्त्यापेक्षा किलोमागे जास्त घाण असायची शक्यता दाट. जमिनीवर नळ्या लावून धुमसणारे ओंडके मोजणारे गट आहेत, पण मोठ्या आगीत जमिनीवर नळी कुठे लावायची हा वेगळाच पेच.

नरवाईत ओंडके नसतात म्हणा, पण हार्व्हेस्टरने मागे टाकलेली पेंढ्याची ओळ जाड असते, ती खूप वेळ धुमसते.

भारताचं विचारलंत. खास जंगलाच्या नाहीतर नरवाईच्या आगीमागे अशी मोहीम घेऊन गेलेलं विमान माझ्या वाचनात नाही, पण हवेतले कण विमानातून मोजलेत आपल्याकडे. १९९९ ला इंडोएक्स मोहिमेत अमेरिकेचं सी-१३० मालदीवहून उडत होतं आणि हिंदी महासागरावर आपल्याकडून वाहत गेलेला तपकिरी धुरकटपणा त्यांनी मोजला, त्यात लाकूड-शेणी-पेंढा जाळल्याचा वाटा मोठा होता. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेची कायपीक्स ही विमान मोहीम २००९ पासून, ती मुख्यतः ढगांसाठी पण कण मोजतातच. २०१६ च्या जून-जुलैत ब्रिटिशांचं बीएई-१४६ हे संशोधन विमान लखनौला येऊन आपल्या लोकांबरोबर उडालं, पण तो काळ पावसाळ्याच्या तोंडाचा, आगीचा हंगाम संपलेला.

विश्वामित्री_काठची:
एक भर. धूर ट्रकचा की काडीकचऱ्याचा हे विमानवाले ओळखतात ते अॅसिटोनायट्राइल नावाच्या वायूवरून, वनस्पती जळली की तो निघतो आणि गाड्यांमधून फारसा नाही. जमिनीवर हेच काम फिल्टरवरच्या लेव्होग्लुकोसानवरून होतं, सेल्युलोज जळलं की ते बनतं. म्हणजे इंदूरच्या गच्चीवरून आठ-दहा दिवसांचे फिल्टर जमवून कुठल्या चांगल्या लॅबला दिले तर रात्रीच्या वासात नरवाई किती ह्याचा अंदाज विमानाशिवायही येईल. स्वस्त नाही पण विमानापेक्षा स्वस्त!

छावणीकर:
मंडळी कमाल केलीत. मेहुण्याला सगळं वाचून दाखवलं. तो आता म्हणतो की मग सॅटेलाइटवाल्यांनी तो रात्रीचा हिशेब जोडून का नाही घेतला. मी म्हटलं तू विचार.

भाचा होळकर कॉलेजात बीएस्सीला आहे, त्याला प्रोजेक्ट पाहिजे, फिल्टर-लॅब त्याच्या आवाक्यातलं नाही. सागवान काका, ते काट्यावर तोलायचं काम तो करू शकेल का? नरवाईचं?

सागवान:
अवश्य करू शकेल आणि ह्याला खर्च जवळजवळ नाही. एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची, पीव्हीसी पाइपची चालेल. कापणी झालेल्या शेतात चौकट डोळे मिटून इकडे तिकडे टाकायची, चांगली जागा शोधून टाकली की आकडा फुगतो, आणि आतलं सगळं उभं खुंट आणि पडलेला पेंढा जमिनीपासून कापून पोत्यात. हार्व्हेस्टरच्या ओळीवर पडलेल्या चौकटी आणि मधल्या मोकळ्या जागेतल्या चौकटी वेगळ्या लिहायच्या, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. लगेच तोलायचं, मग त्यातलं थोडं कॉलेजच्या ओव्हनमध्ये वाळवून परत तोलायचं, म्हणजे ओल किती ते कळेल. जळाल्यानंतरचं हवं तर शेजारच्या आधीच जळालेल्या शेतात तीच चौकट टाकून जे अर्धवट जळलेलं उरलंय ते गोळा करायचं, राख सोडून. शेत मात्र त्याच गव्हाचं आणि त्याच हार्व्हेस्टरने कापलेलं बघा, आणि मालकाला विचारून आत जा.

पोराने स्वतः काडी लावायची नाही, बंदी आहे आणि दंड लागतो. काटा किराणा दुकानातला पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी पुष्कळ झालं, ओव्हनच्या नमुन्यासाठी मात्र लॅबचा घ्या. कापणीनंतर जितक्या लवकर जाईल तितकं बरं, चार दिवस गेले की अर्धी शेतं काळी झालेली असतात. सांवेरकडे माझ्या ओळखीचे दोघे-तिघे शेतकरी आहेत, व्यक्तिगत निरोप पाठवा, बोलून ठेवतो.